पावणं अजून जेवल्यालं न्हाय

माझा मामा मजकूर लिहिणाऱ्या यंत्राला पावणं म्हणतो. तसं कोल्हापुरात कुणाही अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात, पण मामाचं कारण त्याच्याच तोंडून ऐकावं. "रोज घरात येतंय. कुठल्या गावचं, कुणाच्यातलं, काय पत्ता न्हाय. बोलायला मातर लई गोड. मग पावणं न्हाय तर काय जावई म्हणू?"

रोज सकाळी आंघोळ, गंध, चहा उरकून रंगामामा आमच्या वरच्या खोलीत संगणकासमोर बसायचा. चष्मा सदऱ्याला पुसायचा आणि विचारायचा, "बोला पावणं, आज काय वाढलंय?" मग पडद्यावर उमटलेला मजकूर मोठ्यानं वाचायचा. खाली स्वयंपाकघरात आम्हाला शब्द कळायचे नाहीत, पण चाल कळायची. पहिली ओळ नीट जायची. दुसऱ्या ओळीला आवाजात संशय यायचा. तिसरीला खुर्ची मागं सरकायची आणि पाठोपाठ निकाल ऐकू यायचा: "पावणं अजून जेवल्यालं न्हाय."

मामाच्या भाषेत याचा अर्थ, वाक्यात जीव नाही. हा निकाल त्यानं आमदारांच्या भाषणाला दिलाय, लग्नाच्या पत्रिकेला दिलाय आणि माझ्या पत्रकांना तर कायमच दिलाय.

मामाची नोकरी कुणाला सांगायची मला लाज वाटायची. सांगते. मामा एका मसाला कंपनीची आज्जी होता.

या कंपनीनं कांदा-लसूण मसाल्यासाठी यंत्राकडून एक आज्जी बनवून घेतली होती. गोदाआज्जी. नऊवारी लुगडं, रुपयाएवढं कुंकू, गालाला सुरकुत्या, समोर उखळ. मोबाईलवर ती बोलायची, हसायची, मिरच्या कांडायची आणि लोकांनी मसाल्याबद्दल बरं-वाईट काही लिहिलं की त्याला उत्तर द्यायची. पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा मामानं तिच्याखाली लिहिलं, "हिरव्या मिरच्या कांडून तांबडा मसाला काढती ही. हिला आधी सैपाक शिकवा." कंपनीनं त्यालाच कामावर ठेवलं. पदाचं नाव इंग्रजीत होतं आणि लांब होतं. मामा सांगायचा, "आज्जीचं कान पिळायला हाय मी."

कारण आज्जी दिसायला कोल्हापूरची होती, पण तोंड उघडलं की बँक. एका बाईनं लिहिलं, मसाला फार तिखट निघाला, नवरा ताटावरून उठला. यंत्रानं लगेच उत्तर तयार केलं: "प्रिय ग्राहक, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"गैरसोय?" मामा पडद्याला म्हणाला. "नवरा उपाशी उठलाय तिचा. आज्जी हायस का टपाल खातं?" आणि ते सगळं पुसून त्यानं लिहिलं: "आगं बये, सगळी पुडी वतलीस व्हय? अर्धा चमचा घालायचा हुता. आता वाईच गूळ दे त्याला. आनि म्हणावं, ताटावरनं उठायचं न्हाय, आज्जीनं सांगिटलंय."

त्या बाईनं दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा जेवताना फोटो टाकला.

कुठलंही वाक्य पक्कं करायच्या आधी मामा त्याची परीक्षा घ्यायचा. गॅलरीत जायचा आणि ते वाक्य आज्जीच्या आवाजात खणखणीत म्हणायचा. खाली कोपऱ्यावर शेवंताबाई भाजी घेऊन बसते. तिनं मान वर करून बघितलं तर वाक्य पास. ती वांगीच मोजत राहिली तर नापास. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीनं या परीक्षेपायी काय काय ऐकलंय ते विचारू नका. नवं भाडेकरू जोडपं एकदा घाबरून आईला विचारायला आलं, वर कुणी म्हातारी बाई कोंडून ठेवलीये का.

हा आवाज मामानं नवा काढला नव्हता. त्याचं सगळं आयुष्य आवाजावर गेलं. तरुणपणापासून तो रिक्षाला भोंगा बांधून गल्लोगल्ली पुकारत फिरायचा. सर्कस आली, सेल लागला, नळाला पाणी येणार नाही, पोर हरवलंय. पोलिसाचा आवाज काढायचा, नटीचा काढायचा, पण सगळ्यात हुबेहूब काढायचा तो त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या आज्जीचा. हौसाबाई गल्लीच्या या टोकाला उभी राहून हाक मारायची आणि त्या टोकाची पोरं जेवायला पळायची. ती गेल्यावर मामानं एका बारशात तिचा आवाज काढला. सगळे हसले. माझी आई उठून आत गेली.

गोदाआज्जीला मामानं तोच आवाज दिला, वाक्यं रेकॉर्ड करून.

भोंग्याच्या धंद्यात त्याचा एक नियम होता. "खोटं पुकारायचं तर आपली गल्ली सोडून. आपल्या गल्लीत माणसं तोंड ओळखत्यात." त्यामुळं सेलचा शेवटचा दिवस राजारामपुरीत महिनाभर चालायचा आणि आमच्या गल्लीत एकच दिवस.

आता मी कोण ते सांगते. मी सुजाता. कॉलेजात असल्यापासून ग्राहक चळवळीत आहे. बसस्थानकावर उभी राहून पत्रकं वाटत मोठी झाले. खोट्या जाहिराती, विकत घेतलेले पाच-पाच तारे, यंत्रानं बनवलेला डॉक्टर गुडघ्याचं तेल विकतोय, हे सगळं आम्ही चव्हाट्यावर आणतो. माणूस नसलेल्या तोंडाला माणसाचा विश्वास विकू नका, हे आमचं म्हणणं आहे आणि मी ते कुणाच्याही तोंडावर सांगते. आणि माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर, माझा सख्खा मामा गोदाआज्जी होऊन बसलेला.

बैठकीत आमचा संदीप मुद्दाम विचारायचा, "ताई, आज तुमची आज्जी ऑनलाइन न्हाय आली? बरी हाय न्हवं?" सगळे हसायचे. मीही हसायची. घरी येऊन मामाशी भांडायची.

"लोकांना वाटतं ती खरी आहे, मामा."

"मग? सर्कशीतलं अस्वल पण लोकांस्नी वाटायचं नाचतंय."

"एक म्हातारी तिला रोज लिहिते, गोदाबाई जेवलासा का म्हणून."

"मग मी सांगतो की, जेवलो म्हणून. खोटं हाय व्हय त्ये?"

आणि भांडण संपलं की माझ्या डोक्यात टपली. मामाची टपली हा आमच्या घरातला नमस्कार, निरोप आणि आशीर्वाद. मी बारकी होते तेव्हापासून जिन्यावर, रस्त्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही दिसले की टपकन एक. माझ्या एका सभेत मी व्यासपीठावर बोलत असताना मागून आला, टपली मारली आणि जाऊन श्रोत्यांत बसला. मी त्या वेळी शोषणाविषयी बोलत होते.

मग ते मसाल्याचं प्रकरण झालं.

कंपनीच्या एका घाण्यातला मसाला लोकांच्या हाताला लागला तर धुऊन जाईना. कोडोलीहून आलेल्या एका बाईनं आमच्या कार्यालयात येऊन तळवे दाखवले, मेंदी काढल्यासारखे लाल. पोरांची पोटं बिघडली होती. आम्ही पुड्या तपासणीला दिल्या. रंग मिसळलेला होता. इकडं मोबाईलवर लोकांनी गोदाआज्जीला धारेवर धरलं. आज्जे, तू बी तसलीच का, असं लिहायला लागले.

कंपनीचा जाहिरातीचा साहेब होता निनाद. पोरगा वाईट नव्हता, पण तो माणसांविषयी हवामानाचा अंदाज सांगितल्यासारखा बोलायचा. त्यांच्याकडचं एक यंत्र लोकांचं सगळं लिहिलेलं वाचायचं आणि कंपनीची अब्रू किती उतरली, किती चढली ते तासातासाला सांगायचं. निनादनं त्याच यंत्राला उपाय विचारला. यंत्रानं आमच्या भागातल्या माणसांची लाखो वाक्यं वाचली होती. त्यानं सांगितलं, इथली माणसं कागदावर विश्वास ठेवत नाहीत, शपथेवर ठेवतात.

पुढच्या चित्रफितीत गोदाआज्जीच्या शेजारी एक लहान मुलगी बसलेली. दोन वेण्या, लाल रिबिनी. आज्जीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लेकरांनो, ह्या माझ्या नातीची शप्पथ. माझ्या मसाल्यात रंग न्हाय."

मी ती बैठकीत बसून पाहिली. राग इतका आला की मोबाईल टेबलावर आपटला. लोकांचं मात्र मन पाघळलं. हात जोडलेली चित्रं, हृदयं, "आज्जी खोटं बोलणार न्हाय." आमचा तपासणीचा अहवाल खाली कुठंतरी पडून राहिला.

घरी आले तर मामा वरच्या खोलीत फोनवर होता. फोन स्पीकरवर, त्यामुळं निनादचं उत्तरही जिन्यापर्यंत येत होतं.

"ह्ये मी बोललो न्हाय," मामा म्हणत होता. "मला दावलं पण न्हाय तुमी."

"मामा, तुमचा आवाज सिस्टीममध्ये आहेच. तुम्ही ती एवढी वाक्यं रेकॉर्ड करून दिली होती ना. आता प्रत्येक वेळी तुम्हाला त्रास द्यायची गरज नाही."

"काढा त्ये."

"अहो, शपथेनंतर सगळं एकदम पॉझिटिव्ह झालंय."

"शप्पथ कुणी घेतली?"

"आज्जीनं."

"आज्जी कोण?"

"आज्जी आपला ब्रँड आहे, मामा."

"मग ब्रँडच्या डोक्यावर हात ठेवायचा हुता की. पोरीच्या कशाला ठेवला?"

"पण ती मुलगीही खरी नाही ना."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी जिन्यातच उभी होते. तो खाली उतरला, मला पाहिलं, हात सवयीनं उचलला आणि तसाच खाली घेतला. टपली मारली नाही. चपला घालून बाहेर गेला.

मला वाटलं, वरमलाय. बरं झालं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही टपली नाही. तिसऱ्या दिवशी मी जेवायला त्याच्या शेजारी बसले तर त्यानं पाट सरकवून घेतला. आईनं विचारलं, "काय रं, रुसलास व्हय पोरीवर?" तो म्हणाला, "उकडतंय."

मला कारण ठाऊक होतं, असं मला वाटत होतं. आम्ही पत्रक काढणार होतो आणि त्यात आवाज कुणाचा हेही छापणार होतो; घरात ते सगळ्यांच्या कानावर होतं. चळवळीत नातं बघायचं नसतं. बैठकीत संदीप म्हणाला होता, "ताई, नाव छापायचं का? मामा हाय तुमचा." मी म्हटलं, छापायचं. तेव्हा सगळे माझ्याकडं आदरानं बघत होते आणि ते मला आवडलं होतं.

पत्रकाचा मजकूर घेऊन मी स्वतःच मामाकडं गेले. पाठीमागून वार करायचा नाही, हाही आमचा नियम. त्यानं चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला लागला. "समस्त ग्राहक बंधू-भगिनींनो, आजच्या गतिमान युगात तंत्रज्ञानाने मानवी जीवनाच्या प्रत्येक क्षेत्रात क्रांतिकारी बदल घडवून आणले असून..."

पहिली ओळ नीट गेली. दुसरीला तो थांबला. माझ्याकडं बघितलं. परत कागदाकडं बघितलं.

"सुजे."

"काय?"

"ह्ये पावण्यानंच लिवलंय की."

घाई होती, छापखाना बंद व्हायचा होता, संदीपनं मोबाईलवर चार मुद्दे टाकले आणि मजकूर तयार होऊन आला. मी नुसता नजरेखालून घातला. यंत्राच्या खोट्या तोंडाविरुद्धचं आमचं पत्रक यंत्राच्या तोंडानं बोलत होतं आणि ते ओळखलं कुणी, तर ज्याच्याविरुद्ध काढलं त्यानं. पायाखाली जिना असता तर मी उतरून गेले असते, पण मी त्याच्याच खोलीत, त्याच्याच खाटेवर बसले होते.

तो हसला नाही. मला खरं तर तो हसायला हवा होता. त्यानं पेन घेतलं आणि सगळ्या मजकुरावर एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: "आज्जी न्हाय. तिला नात न्हाय. आवाज रंगराव भोंगेवाल्याचा हाय. मसाल्यात रंग हाय." आणि विचारलं, "एवढं बास न्हवं?"

"बास," मी म्हटलं.

"नाव मोठ्या अक्षरात घाल. बारकं घातलं की लोकांस्नी वाटतं लपवाया लागल्यात."

तरीही टपली नाही.

पत्रकं छापून आली त्या सकाळी गल्लीत रिक्षा लागली. शब्बीरचाचांची जुनी रिक्षा, टपावर भोंगा बांधलेला. शब्बीरचाचा आणि मामानं पूर्वी अख्खा जिल्हा एकत्र पुकारलाय. मामा पांढरा सदरा घालून खाली आला. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघाले होते, थांबले.

"कुठं निघालास?"

"शप्पथ सोडवायला."

आमच्याकडं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणाच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली तर ती त्या डोक्याला लागते म्हणतात. लागू नये म्हणून 'सुटली' म्हणून घ्यायचं. पोरं खेळतानासुद्धा म्हणतात, शप्पथ सुटली म्हण, नाहीतर खेळत न्हाय. आई सांगते, मामानं लहानपणी गुळाची ढेप फोडून हौसाबाईच्या डोक्याची खोटी शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी तिला हिवताप आला. मामा दारोदार रडत फिरला, सुटली म्हणा, सुटली म्हणा. तिनं अंथरुणातूनच सांगितलं, आरं मुडद्या, डास चावला मला. पण मामानं सगळी गल्ली म्हणून घेतल्यावरच भाकरी खाल्ली.

मला हे सगळं माहीत होतं आणि मला लाज वाटली. करणी, नजर, शपथ, सगळं थोतांड, असं आमचं एक पत्रकच आहे. ते मी लिहिलंय, माझ्या हातानं. आमची सगळी मंडळी त्या दिवशी चौकात जमणार होती आणि तिथंच माझा मामा भोंग्यावर शपथ सोडवत येणार होता.

"मामा, पत्रक आहे ना. हे कशाला?"

"पत्रक तुजं. शप्पथ माजी," तो म्हणाला. "चल रे शब्बीर. पैलं आपल्या गल्लीत."

"अपनीच गल्ली में?" शब्बीरचाचांनी मागं वळून विचारलं. त्यांनाही नियम ठाऊक होता.

"हितंच पैलं."

भोंगा खरखरला. मला वाटलं आता हौसाबाईचा आवाज येणार. आला तो मामाचा स्वतःचा, घोगरा, वय झालेला, मी भोंग्यावर कधीच न ऐकलेला. "ऐका हो ऐका. मोबाईलवरची गोदाआज्जी खोटी हाय. आवाज माजा हाय, रंगरावचा. नातीच्या डोक्यावर हात ठेवून शप्पथ घेतली, ती खोटी हाय. मसाल्यात रंग हाय. ज्यांनी ज्यांनी ऐकली त्यांनी मेहेरबानी करून सुटली म्हणावं."

खिडक्या उघडल्या. कुणी हसलं. शेवंताबाई वांगी ठेवून उठली आणि म्हणाली, "सुटली बाबा, सुटली. जा आता, गिऱ्हाइक पळतंय माजं." पोरांना तर खेळच मिळाला. रिक्षामागं पळत, टाळ्या वाजवत, "सुटली, सुटली" करत ती पार कोपऱ्यापर्यंत गेली.

रिक्षा चौकात आली तेव्हा मी आमच्या मंडळींत जाऊन उभी राहिले होते. एक म्हातारा म्हणाला, "कंपनीनं काढला वाटतं ह्याला." संदीप तोंडावर हात धरून हसत होता. रिक्षा माझ्या अगदी समोरून गेली. मामा आत बसून उजवीकडं, डावीकडं हात जोडत होता. मी मोबाईल काढला आणि त्यात काहीतरी वाचत असल्यासारखी मान खाली घातली. त्यानं मला पाहिलं असणार. हात जोडलेलेच ठेवून त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं, मला अडचण नको म्हणून.

कंपनीला उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही. पूर्वी अशा वेळी साहेब लोक जमायचे, वकील बोलवायचे, खुलासा छापून आणायचे. आता संध्याकाळच्या चहाआधी गोदाआज्जी मोबाईलवर हजर. या वेळी नात नव्हती, उखळही नव्हतं. नुसती पायरीवर बसलेली.

"लेकरांनो," ती म्हणाली, "एक माणूस माज्या नावानं भोंगा लावून फिरतोय म्हणं. त्याला काय बोलू नगा. म्हातारपणी माणसाचं डोकं फिरतं कधी कधी. त्याला कुणीतरी दोन घास घाला. उपाशी आसंल बिचारा."

एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. दम कुठं घ्यायचा, 'बिचारा' कुठं ओढायचा, सगळं बरोबर. हौसाबाई जिवंत असती तर मामाविषयी असंच बोलली असती. खाली लोकांनी लिहिलेलं: आज्जी, केवढं मोठं मन तुमचं. त्या माणसाला धरून द्या. काहींनी आमचंही पत्रक टाकलं होतं, त्याच्याखाली कुणीतरी विचारलं होतं, ह्यांना पैसे कोण देतं?

आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी राहिली. मामानं चित्रफीत पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. मग मोबाईल पालथा ठेवला.

"आता जेवलं बघ पावणं," तो म्हणाला.

आणि वर निघून गेला.

सकाळी संगणकानं त्याला आत घेतलं नाही. परवलीचा शब्द चुकीचा, असं पडद्यावर येत राहिलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो काळ्या पडद्यासमोर बसला होता, गंध लावून, चष्मा पुसून, रोजच्यासारखा. नोकरी गेली याचं त्याला काही वाटल्यासारखं दिसलं नाही. मी चहा ठेवायला वाकले तर माझ्या डोक्यापासून हात लांब व्हावा म्हणून तो खुर्चीत मागं सरला.

मला राहवलं नाही. "पत्रकाचा एवढा राग धरलास?"

"पत्रकाचा?" त्याला खरंच कळलं नाही. "त्ये तर मीच लिवलं की."

"मग हात का लावत नाहीस मला? जवळ आले की लांब सरतोस. पंधरवडा झाला, एक टपली नाही."

तो चहात बघत बसला. खाली शेवंताबाई कुणाशी तरी कोथिंबिरीवरून घासाघीस करत होती. मग तो हळू, अगदी भोंग्याच्या उलट आवाजात म्हणाला, "त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला न्हवं तिनं."

"अरे, ती पोरगी खोटी होती. आज्जी खोटी होती."

"आज्जी खोटी हुती. आवाज खरा हुता. आईचा आवाज त्यो. त्या आवाजानं नातीची शप्पथ घेतली." त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या डोळ्यांकडं नाही, भांगाकडं. "त्या आवाजाला नात एकच हाय."

हौसाबाईला दोन लेकरं, मामा आणि आई. मामानं लग्न केलं नाही. आईला मी एकटी.

"अख्ख्या गावाला सुटली म्हणायला लावलंस," मी म्हटलं. "मला का नाही म्हणालास?"

"तू हसली असतीस."

हसले असते. कदाचित त्यावर पत्रकही काढलं असतं.

"म्हण की एकदा," तो म्हणाला. "तुजा इश्वास नसू दे. माजा हाय तेवढा बास."

मी म्हटलं, "सुटली." घशातल्या घशात, पुटपुटल्यासारखं.

मामानं मान हलवली. "पावणं अजून जेवल्यालं न्हाय."

मग मी गॅलरीत गेले. सगळी गल्ली खाली जागी होती, दूधवाले, शाळेची पोरं, मला चळवळीतली ताई म्हणून ओळखणारी माणसं. कठड्याला दोन्ही हात धरले, ऊर भरून घेतला आणि भोंगा नसताना, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असं ओरडले, "सुटली."

शेवंताबाईनं मान वर करून बघितलं.

मागून मामाची पावलं आली, आणि डोक्यात टपकन एक बसली.